वारशात मिळालेला संशय : खान अब्दुल वली खान यांची संसदीय वाटचाल

पाकिस्तानच्या संसदेचा इतिहास हा बऱ्याच अंशी घराण्यांचा इतिहास आहे. लारकान्याचे भुट्टो, दक्षिण पंजाबातील लघारी आणि मझारी, मुलतानच्या पीरगाद्यांचे वारस असलेले कुरेशी आणि गिलानी आणि नंतरच्या काळात लाहोरच्या कारखानदारीतून वर आलेले शरीफ, अशी मोजकी नावे पिढ्यान्‌पिढ्या तेथील सभागृहांत ऐकू येतात. कारण जमिनीची मालकी, पीराच्या गादीवरील श्रद्धा आणि ‘बिरादरी’ म्हणजे भाऊबंदकीचे विस्तारित नाते या तीन गोष्टींवर तेथील मतदारसंघ उभे असतात आणि या तिन्ही गोष्टी बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या आहेत. वायव्य सरहद्द प्रांतातील, म्हणजे आजच्या खैबर पख्तूनख्वामधील, उत्मानझईचे खान घराणेही वरकरणी याच पंक्तीत बसते, कारण तेही जमीनदारांचे घराणे आणि त्याच्याही चार पिढ्या राजकारणात आहेत. परंतु इतर घराण्यांनी मुलांना सत्तेची वाट वारशात दिली, तर या घराण्याने मतदारांच्या निष्ठेबरोबरच राज्यसंस्थेचा संशयही वारशात दिला. खान अब्दुल वली खान हे या वारशाचे सर्वांत ठळक वारसदार होते.

वली खान यांच्या कारकिर्दीचे महत्त्व त्यांनी भूषवलेल्या पदांवरून ठरवता येत नाही. ते ना कधी केंद्रात मंत्री झाले, ना प्रांताचे मुख्यमंत्री. त्यांना मिळालेले सर्वांत मोठे पद नॅशनल असेंब्लीतील, म्हणजे लोकप्रतिनिधींच्या कनिष्ठ सभागृहातील, विरोधी पक्षनेत्याचे होते आणि त्या पदावर असतानाच ते तुरुंगात गेले. सभागृहात बसून राज्यघटना घडवणाऱ्या माणसाला त्याच राज्यघटनेच्या आधारे देशद्रोही ठरवता येते का, हा प्रश्न पाकिस्तानपुढे पहिल्यांदा उभा राहिला तो त्यांच्या बाबतीत. त्याचे जे उत्तर तेव्हा दिले गेले, त्याची किंमत तो देश आजही चुकवत आहे.

महाराष्ट्राला या घराण्याचा परिचय आहे तो वली खान यांच्या वडिलांमुळे. खान अब्दुल गफार खान, ज्यांना पख्तून लोक बाचा खान आणि भारतीय लोक सरहद्द गांधी म्हणत, यांनी १९२९ मध्ये खुदाई खिदमतगार म्हणजे ‘ईश्वराचे सेवक’ ही अहिंसक संघटना उभी केली आणि सूडाच्या परंपरेत वाढलेल्या पख्तूनांना शस्त्राविना लढण्याची शपथ दिली. १९३४ मध्ये हजारीबागच्या तुरुंगातून सुटल्यावर स्वतःच्या प्रांतात पाऊल ठेवण्याची बंदी असल्यामुळे ते आणि त्यांचे थोरले बंधू डॉ. खान साहेब वर्ध्याला जमनालाल बजाज यांच्याकडे राहिले, आणि मुंबईत केलेल्या एका भाषणाबद्दल त्यांना त्याच वर्षाच्या डिसेंबरात वर्ध्यातूनच अटक झाली. मराठी वाचकाच्या मनातील ही कथा साधारणपणे फाळणीपाशी थांबते. या घराण्याची खरी कसोटी मात्र तेथूनच सुरू होते.

सरहद्द प्रांत हा मुस्लिमबहुल असूनही १९४६ च्या निवडणुकीत तेथे काँग्रेसला बहुमत मिळाले होते आणि डॉ. खान साहेब मुख्यमंत्री होते. जुलै १९४७ मध्ये तेथे सार्वमत घेतले गेले, तेव्हा मतदारांपुढे भारत आणि पाकिस्तान असे दोनच पर्याय ठेवले गेले आणि स्वतंत्र पख्तूनिस्तानचा पर्याय नाकारला गेल्यामुळे खुदाई खिदमतगारांनी मतदानावर बहिष्कार टाकला. सुमारे ५ लाख ७३ हजार मतदारांपैकी २ लाख ८९ हजार २४४ जणांनी पाकिस्तानच्या बाजूने कौल दिला, म्हणजे एकूण मतदारांच्या निम्म्याहून किंचित अधिक. त्यानंतर २२ ऑगस्ट १९४७ रोजी, नवे राष्ट्र जन्माला येऊन आठवडाच उलटला असताना, विधिमंडळात बहुमत असलेले डॉ. खान साहेबांचे सरकार जिना यांच्या आदेशावरून गव्हर्नरने बरखास्त केले. निवडून आलेले सरकार सभागृहात पराभूत न होता वरून काढून टाकण्याची ही पाकिस्तानातील पहिलीच घटना होती आणि पुढच्या अनेक घटनांचा नमुना तिने घालून दिला.

बाचा खान यांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये पाकिस्तानच्या घटना समितीत निष्ठेची शपथ घेतली होती, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे, कारण त्यांच्यावरील देशद्रोहाच्या आरोपात या शपथेचा उल्लेख सहसा होत नाही. त्याच वर्षाच्या जूनमध्ये त्यांना अटक झाली, १२ ऑगस्ट रोजी चारसद्द्याजवळील बाबडा येथे निःशस्त्र खुदाई खिदमतगारांच्या जमावावर गोळीबार झाला आणि वली खान यांनाही आरोप न ठेवता तुरुंगात टाकण्यात आले, ते १९५३ पर्यंत. दुसरीकडे डॉ. खान साहेबांनी राज्यसंस्थेशी जुळवून घेतले. पश्चिम पाकिस्तानातील सर्व प्रांत विसर्जित करून त्यांचा एकच प्रांत बनवणारी ‘वन युनिट’ ही योजना १९५५ मध्ये अमलात आली, तेव्हा बाचा खान तिच्याविरुद्ध लढत होते आणि त्यांचे सख्खे भाऊ त्या एकत्रित प्रांताचे पहिले मुख्यमंत्री होते. मे १९५८ मध्ये लाहोरला डॉ. खान साहेबांची हत्या झाली. घराणे एक असले म्हणजे विचार एक असतो असे नाही, हे या दोन भावांइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

वली खान यांचा जन्म ११ जानेवारी १९१७ चा. पुढच्याच वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीत आई गेली आणि वडील वर्षानुवर्षे तुरुंगात, अशा स्थितीत ते वाढले. प्रारंभीचे शिक्षण वडिलांनी उत्मानझईला काढलेल्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतरचे देहरादूनला झाले, पण डोळ्यांच्या विकारामुळे ते पूर्ण होऊ शकले नाही. थोरले बंधू गनी खान शांतिनिकेतनात शिकले, दिल्लीच्या केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य झाले आणि अखेरीस पश्तो कवितेत रमले. राजकारणाचे ओझे धाकट्या भावाकडे आले. हे ओझे त्यांनी वडिलांप्रमाणे वाहिले नाही. बाचा खान हे मूलतः समाजसुधारक होते, सत्तेविषयी त्यांना अढी होती आणि त्यांचे बळ सभागृहापेक्षा गावोगावच्या पदयात्रेत होते, तर वली खान यांचा पिंड वाटाघाटीचा, कलमांचा आणि मतमोजणीचा होता. पख्तूनांचा प्रश्न नैतिक चळवळीतून उचलून घटनात्मक भाषेत मांडणे, म्हणजे ‘आम्हाला वेगळे व्हायचे आहे का’ या प्रश्नाऐवजी ‘संघराज्यात प्रांताचे अधिकार कोणते’ हा प्रश्न विचारणे, हे त्यांचे खरे काम होय.

या कामाचे साधन होते नॅशनल अवामी पार्टी, संक्षेपाने नॅप. १९५७ मध्ये ढाक्यात स्थापन झालेल्या या पक्षात बंगाली, सिंधी, बलुच आणि पख्तून असे सर्व वंचित प्रांतांचे डावे नेते एकत्र आले होते. पुढे चीन आणि सोव्हिएत रशिया यांच्यातील फुटीचे पडसाद पक्षात उमटले, मौलाना भाशानी यांचा चीनकडे झुकणारा गट वेगळा झाला आणि दुसऱ्या गटाचे नेतृत्व वली खान यांच्याकडे आले. १९७० मध्ये ‘वन युनिट’ मोडून जुने प्रांत पुनरुज्जीवित झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस प्रौढ मतदानाने झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नॅपने सरहद्द आणि बलुचिस्तान या दोन प्रांतांत लक्षणीय यश मिळवले. मार्च १९७१ मध्ये बहुमत मिळवलेल्या अवामी लीगकडे सत्ता सोपवण्याचा प्रश्न चिघळला, तेव्हा वली खान ढाक्यात जाऊन तिचे नेते मुजीबुर रहमान यांना भेटणाऱ्या थोड्या पश्चिम पाकिस्तानी नेत्यांपैकी एक होते आणि पूर्वेकडील लष्करी कारवाईला त्यांनी विरोध केला. त्याबद्दल लष्करशहा याह्या खान यांनी नोव्हेंबरमध्ये नॅपवर बंदी घातली. महिनाभरात देश दुभंगला आणि सत्तेवर आलेल्या झुल्फिकार अली भुट्टो यांनी ती बंदी उठवली.

उरलेल्या पाकिस्तानला घटना हवी होती आणि ती चारही प्रांतांची असावी, यासाठी विरोधकांची संमती हवी होती. ६ मार्च १९७२ रोजी भुट्टोंची पीपल्स पार्टी, नॅप आणि जमियत उलेमा-ए-इस्लाम या तीन पक्षांत करार झाला, त्यानुसार सरहद्द प्रांतात मुफ्ती महमूद आणि बलुचिस्तानात अताउल्लाह मेंगल यांची सरकारे आली. हे वर्ष पाकिस्तानच्या संसदीय जीवनातील सर्वांत आशादायक वर्ष म्हणावे लागेल, कारण केंद्रात एक पक्ष आणि दोन प्रांतांत त्याचे विरोधक अशी संघराज्याला शोभणारी मांडणी तेथे प्रथमच झाली होती. ती जेमतेम नऊ महिने टिकली. आधी ‘लंडन योजना’ या नावाने नॅपचे नेते देश तोडण्याचा कट करीत असल्याच्या बातम्या पसरल्या, मग १० फेब्रुवारी १९७३ रोजी इस्लामाबादेतील इराकी दूतावासात शस्त्रसाठा सापडला आणि काही दिवसांतच बलुचिस्तानचे सरकार बरखास्त झाले. ती शस्त्रे इराणमधील बलुच बंडखोरांसाठी असावीत, असे मत पुढे अनेक अभ्यासकांनी मांडले, परंतु तोवर निर्णय होऊन गेला होता. निषेध म्हणून मुफ्ती महमूद यांनीही राजीनामा दिला आणि बलुचिस्तानात चार वर्षे चाललेला सशस्त्र संघर्ष पेटला.

२३ मार्च १९७३ रोजी रावळपिंडीच्या लियाकत बागेत विरोधी आघाडीच्या सभेवर गोळीबार झाला आणि अनेक कार्यकर्ते मारले गेले, त्यांत पख्तूनांची संख्या मोठी होती. पंजाबच्या भूमीवर मारलेल्यांची प्रेते सरहद्दीवर जात असताना सूडाची हाक देणे वली खान यांना सहज शक्य होते आणि त्या समाजाच्या रीतीला ते धरूनही झाले असते. त्यांनी लोकांना शांत ठेवले. बाचा खान यांच्या अहिंसेचा वारसा मुलात कोठे दिसतो असे विचारले, तर या प्रसंगाकडे बोट दाखवावे लागते. त्याहून मोठी गोष्ट अशी की त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १० एप्रिल रोजी, नॅशनल असेंब्लीने नवी राज्यघटना मंजूर केली, तेव्हा वली खान तिच्या बाजूने उभे राहिले. खैरबख्श मर्री यांच्यासारख्या बलुच नेत्यांनी सही करण्यास नकार दिला होता आणि त्यांच्या प्रांतात सैन्य उतरलेले असताना तो नकार समजण्याजोगा होता. वली खान यांचा हिशेब वेगळा होता. या घटनेने संसदेला दोन सभागृहे दिली होती आणि वरिष्ठ सभागृहात म्हणजे सिनेटमध्ये चारही प्रांतांना समान जागा होत्या. केंद्र आणि प्रांत या दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांची समवर्ती सूची लांबलचक होती आणि ती त्यांना मान्य नव्हती, पण सदोष घटना ही घटनाच नसण्यापेक्षा बरी, कारण तिच्यात दुरुस्ती करता येते, अशी ही भूमिका होती. आजच्या दृष्टीने पाहता ती दूरदर्शी ठरते, हा या लेखाचा स्पष्ट अभिप्राय आहे.

घटना १४ ऑगस्ट १९७३ रोजी अमलात आली, परंतु १९७१ च्या युद्धकाळातील आणीबाणी उठवली गेली नाही. पुढच्या वर्षी पहिली घटनादुरुस्ती झाली आणि सतराव्या अनुच्छेदात, म्हणजे संघटना स्थापण्याच्या हक्काच्या कलमात, भर घालण्यात आली : एखादा पक्ष देशाच्या सार्वभौमत्वाला व अखंडतेला बाधक असल्याचे केंद्र सरकारने जाहीर केल्यास पंधरा दिवसांत ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवावे आणि न्यायालयाचा निर्णय अंतिम असावा. कागदावर ही न्यायालयीन संरक्षणाची तरतूद होती. तिचा उपयोग विरोधी पक्षनेत्यावर झाला. ८ फेब्रुवारी १९७५ रोजी पेशावर विद्यापीठात झालेल्या बॉम्बस्फोटात भुट्टोंचे निकटचे सहकारी हयात मोहम्मद खान शेरपाव मारले गेले, त्याच रात्री वली खान यांना अटक झाली आणि दोन दिवसांत नॅपवर बंदी आली. शेरपाव यांच्या खुनाचा तपास होण्याआधीच जबाबदारी निश्चित झाली होती.

सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश हमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली सुनावणी झाली. न्यायपीठाच्या रचनेवर घेतलेले आक्षेप फेटाळले गेल्यावर वली खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामकाजातून अंग काढून घेतले आणि ३० ऑक्टोबर १९७५ रोजी न्यायालयाने बंदी कायम केली. या खटल्याचा गाभा असा होता की, पाकिस्तानात चार राष्ट्रीयत्वे आहेत हे नॅपचे म्हणणे ‘मुसलमानांचे एकच राष्ट्र’ या पायाभूत कल्पनेविरुद्ध, म्हणजेच देशाविरुद्ध, आहे असे मानले गेले. येथे एक सैद्धांतिक चूक आहे आणि ती उलगडून सांगितली पाहिजे. भाषा, प्रदेश आणि इतिहास यांनी बांधलेला समूह असणे ही एक गोष्ट आणि स्वतंत्र राज्य मागणे ही दुसरी. आपण पख्तून हजारो वर्षांपासून आहोत, मुसलमान चौदाशे वर्षांपासून आणि पाकिस्तानी अलीकडे झालो, अशा आशयाचे वली खान यांचे उत्तर प्रसिद्ध आहे. त्या उत्तरात तिन्ही ओळखी मान्य केलेल्या आहेत, एकही टाकलेली नाही. राज्यसंस्थेला मात्र एकच ओळख चालत होती. बंगाली भाषिकांच्या बाबतीत याच आग्रहाने देश तुटला होता, हे चार वर्षांतच विसरले गेले.

नंतर सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात विशेष न्यायाधिकरण बसले आणि वली खान आणि घौस बख्श बिझेंजो, मेंगल, मर्री हे बलुच नेते यांच्यासह पन्नासहून अधिक जणांवर कटाचा खटला चालला. उर्दू कवी हबीब जालिबही आरोपींत होते. घराण्याच्या इतिहासात या काळात एक अनपेक्षित पान जोडले गेले. पती तुरुंगात आणि पक्ष बंद अशा अवस्थेत बेगम नसीम वली खान यांनी, शेरबाझ मझारी यांनी नव्याने काढलेल्या नॅशनल डेमोक्रॅटिक पार्टीच्या माध्यमातून, पडद्याची चाल असलेल्या त्या प्रांतात जाहीर सभा घेतल्या आणि मार्च १९७७ च्या निवडणुकीत सर्वसाधारण जागेवरून थेट निवडून येणारी सरहद्द प्रांतातील पहिली महिला असा मान मिळवला. घराण्यामुळे स्त्रीला राजकारणात प्रवेश मिळतो ही दक्षिण आशियातील जुनी गोष्ट आहे, पण त्या प्रवेशासाठी लागणारे धैर्य घराणे पुरवत नाही.

त्या निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्धच्या आंदोलनानंतर ५ जुलै १९७७ रोजी जनरल झिया उल हक यांनी सत्ता घेतली, हैदराबादचा खटला गुंडाळला गेला आणि वली खान सुटले. येथे त्यांची सर्वांत मोठी चूक नोंदवावी लागते. ‘अहतिसाब’ म्हणजे सत्ताधाऱ्याच्या कृत्यांचा हिशेब; आधी भुट्टोंचा अहतिसाब आणि मग निवडणूक, या मागणीला त्यांनी पाठिंबा दिला. ज्याने आपल्याला वर्षानुवर्षे कोंडले त्याच्याविषयीचा हा राग मानवी होता, परंतु त्याने लष्करशहाला निवडणुका पुढे ढकलण्यासाठी हवे असलेले निमित्त दिले. एप्रिल १९७९ मध्ये भुट्टो फासावर गेले आणि निवडणूक १९८५ पर्यंत झाली नाही, तीही पक्षविरहित. आयुष्यभर संसदेचा कैवार घेतलेल्या माणसाने निर्णायक क्षणी संसदेपेक्षा सूडाला जवळ केले, असे म्हणणे कठोर असले तरी अन्यायाचे नाही.

१९८६ मध्ये कराचीत अवामी नॅशनल पार्टी स्थापन झाली आणि वली खान तिचे पहिले अध्यक्ष झाले. अफगाणिस्तानातील युद्ध हा जिहाद नसून दोन महासत्तांची लढाई आहे आणि तिची आग पाकिस्तानपर्यंत येईल, असे ते तेव्हा सांगत होते. तीस लाखांवर निर्वासित आणि बंदुकांचा सुळसुळाट पाहणाऱ्या प्रांतातही ते ऐकले गेले नाही. काबूलच्या राजवटीविषयीची त्यांची सौम्यता टीकेस पात्र आहे, कारण सोव्हिएत फौजांनी उद्‌ध्वस्त केलेली गावेही पख्तूनांचीच होती. पण युद्धाच्या परिणामांविषयीचा त्यांचा इशारा अक्षरशः खरा ठरला. लंडनमधील इंडिया ऑफिसच्या दप्तरावरून फाळणीचा मागोवा घेणारे त्यांचे पुस्तकही याच दशकातले. १९८८ नंतर पक्षाने आधी बेनझीर भुट्टो आणि मग नवाज शरीफ यांच्याशी हातमिळवणी केली, आणि १९९० मध्ये चारसद्द्याच्या स्वतःच्या मतदारसंघात मौलाना हसन जान यांच्याकडून पराभूत झाल्यावर वली खान यांनी निवडणुकीच्या राजकारणातून निवृत्ती घेतली. पराभवानंतर स्वतःहून बाजूला होणारे नेते उपखंडात थोडे आहेत.

पक्षाचे अध्यक्षपद त्यांनी कुटुंबाबाहेरच्या अजमल खटक यांच्याकडे सोपवले, परंतु ते बाहेर फार काळ राहिले नाही. पुत्र असफंदयार वली अध्यक्ष झाले, पुढे बेगम नसीम वली यांनी सावत्र मुलाविरुद्ध २०१४ मध्ये वेगळा गट काढला आणि आज अध्यक्षपद नातू ऐमल वली यांच्याकडे आहे. अत्याचाराच्या काळात घराण्याच्या नावाने पक्ष तगवला हे खरे, पण त्याच नावाने सामान्य कार्यकर्त्याची वाट अडवली हेही खरे. या कार्यकर्त्यांनी मोजलेली किंमत घराण्यापेक्षा कमी नाही : २००८ मध्ये पक्ष प्रांतात सत्तेवर आल्यानंतर तालिबानी हल्ल्यांत त्याची शेकडो माणसे मारली गेली, डिसेंबर २०१२ मध्ये प्रांतिक मंत्री बशीर बिलोर गेले आणि जुलै २०१८ मध्ये प्रचारसभेत त्यांचा मुलगा हारून.

वली खान यांचे निधन २६ जानेवारी २००६ रोजी पेशावरला झाले. त्यानंतर चार वर्षांनी, एप्रिल २०१० मध्ये, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी अठरावी घटनादुरुस्ती मंजूर केली, तिने समवर्ती सूची रद्द केली आणि इंग्रजांनी दिशेवरून नाव दिलेल्या त्या प्रांताला खैबर पख्तूनख्वा हे नाव दिले. त्या दुरुस्तीवर १९ एप्रिल रोजी सही केली ती राष्ट्राध्यक्ष आसिफ अली झरदारी यांनी, म्हणजे झुल्फिकार अली भुट्टो यांच्या जावयाने.